सॅन होजे नक्की कुठलं? सेम नावाच्या गावांनी गंडवलंय का कुणाला?

अर्धीतिकीट:
काल थोडक्यात वाचले. कोस्टारिकाला जायचंय म्हणून सर्चमध्ये सॅन होजे टाकलं, पहिलं आलं ते निवडलं, भाडं बघून खूश झाले आणि पार पैसे भरायच्या पानावर गेल्यावर दिसलं की हे तर कॅलिफोर्नियातलं! अशी अजून कुठली गावं आहेत? आणि बुक करताना तुम्ही नेमकं काय बघता?

नकाशेवाला:
नाव बघूच नका, एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड बघा. कोस्टारिकाचा एसजेओ, कॅलिफोर्नियाचा एसजेसी. सिडनीचं तर फेमसच आहे, ऑस्ट्रेलियातलं एसवायडी पण कॅनडात नोव्हा स्कोशियातही एक सिडनी आहे, त्याचा कोड वायक्यूवाय. २०१७ च्या मार्चमध्ये १८ वर्षांचा एक डच मुलगा तिकीट स्वस्त पडलं म्हणून खुशीत ऑस्ट्रेलियाला निघाला, टोरांटोला पुढचं विमान एवढंसं बघून त्याला शंका आली आणि उतरला तो बर्फात, अंगात पातळ जॅकेट.

उशिराची_गाडी:
विमानाचं ठीक हो, हॉटेल आणि ट्रेनला कुठले कोड? मी जर्मनीत फ्रँकफर्टला मस्त स्वस्तात रूम घेतली होती, ती निघाली ओडर नदीवरच्या फ्रँकफर्टमध्ये, म्हणजे बर्लिनच्या पूर्वेला पार पोलंडच्या सीमेवर. मोठा एअरपोर्ट आहे ते माइन नदीवरचं. पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून आधी नकाशावर पिन बघतो, मग फोटो.

गप्पिष्ट:
मुळात दोष नावं ठेवणाऱ्यांचा. स्पॅनिश लोक जातील तिथे संतांची नावं देत सुटले, म्हणून सँतियागो चिलीत, क्युबात, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आणि स्पेनमध्ये आहेच. अमेरिकेतल्या ओरेगनचं पोर्टलंड तर नाणेफेकीवर ठरलं, १८४५ मध्ये. दोन जमीनमालक, एक बॉस्टनकडचा, एक मेन राज्यातल्या पोर्टलंडचा, दोघांनाही आपल्याकडचंच नाव पाहिजे. मेनवाला जिंकला म्हणून आज दोन पोर्टलंड, देशाच्या दोन टोकांना. दुसरा जिंकला असता तर दोन बॉस्टन, म्हणजे घोळ काही चुकत नव्हता 😄

नकाशेवाला:
अजून एक, ग्रनाडा आणि ग्रेनाडा. एक स्पेनमधलं शहर, दुसरा कॅरिबियन बेटांवरचा देश. फोनवर बुकिंग करत असाल तर स्पेलिंग वदवून घ्या.

अर्धीतिकीट:
थँक्यू सगळ्यांना. कोड बघून एसजेओचंच तिकीट काढलं. बघता बघता एसजेआय पण सापडलं, ते सॅन होजे फिलिपिन्समध्ये आहे. आता हॉटेल शोधायला भीती वाटतेय.