घड्याला कुंभार, मग विश्वाला कोण?

मुक्ता:
काल इथे एकाने लिहिलं, "घडा दिसला की कुंभार असणारच. तसं विश्व दिसतंय म्हणजे कर्ता आहेच, आणि बिग बँगमुळे विज्ञानानेही ते मानलं." वाचून झोप उडाली. घड्याचा हा युक्तिवाद न्यायदर्शनातला, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय परंपरेतला. तो जुनाच, दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी तो नेटाने मांडला. घडा होताना आपण पाहतो. विश्व होताना कुणी पाहिलं? ईश्वराला शरीरच नाही तर सृष्टी करायची इच्छा कुठून आली, हे कुमारिल भट्टांनी उदयनांच्या कितीतरी आधी विचारलंय, आणि ते वेद मानणारे होते! बिग बँगचं म्हणाल तर तो विचार मांडणारे शास्त्रज्ञ लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू. १९५१ साली पोपनी त्यात निर्मात्याचा आधार पाहिला, ते लमेत्रनाच पटलं नव्हतं.

नैयायिक:
पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, अर्धवट मांडला की खोडायला सोपा जातो. मी न्यायदर्शन मानणारा, म्हणून सांगतो. पाहिलं नाही म्हणून काय झालं? पृथ्वीला अवयव आहेत. जे सावयव ते जोडलेलं, म्हणजे कार्य, घडवलेली वस्तू. म्हणून तिला कर्ता हवा. अनुमान म्हणतात याला. धूर दिसल्यावर अग्नी बघायला डोंगर चढावा लागत नाही.

मुक्ता:
धूर आणि अग्नी स्वयंपाकघरात हजारदा एकत्र पाहिलेत. विश्वं किती पाहिलीत?

चाकवाला:
मी कुंभाराच्या घरातला. माती तळ्यातली, लीद टांगेवाल्याकडची, चाक सुताराने केलेलं. वडील चाकावर घडवायचे, आई थापीने ठोकून माठाचं पोट वाढवायची. एकदा भट्टीत वारा शिरला आणि अर्धे माठ तडकले, त्या वर्षी माझी फी भरायची राहिली. एका माठामागे इतके हात! त्यावरून एकच आणि सर्वशक्तिमान कर्ता कसा काढता? शास्त्रात आमचा घडा हवा, आणि माठ घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस.

नैयायिक:
घासाघिशीचा इथे काय संबंध? दृष्टान्त कार्य-कर्ता संबंधापुरता असतो. एकाने भागत असेल तर अनेक कर्ते मानायचे नाहीत, याला लाघव म्हणतात.

चाकवाला:
संबंध आहे. माठाला एकाने भागत नाही, हेच सांगतोय. उन्हात माती तुडवली असतीत तर कळलं असतं.

नैयायिक:
माझ्या कष्टांचा हिशेब तुम्ही करू नका.

प्रसाद:
भांडू नका. सुरुवात बाजूला ठेवा. जगाला काळात सुरुवात होती हे तर्काने सिद्ध होत नाही, हे ॲक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानेही मान्य केलंय. त्याचा प्रश्न आत्ताचा आहे. देवळातली घंटा साखळीला टांगलेली असते. कड्या कितीही वाढवा, वर तुळई नसेल तर घंटा आत्ता, या क्षणी पडेल. वडील गेले त्या रात्री हाच विचार मनात होता, हे सगळं कशावर टिकून आहे?

मुक्ता:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण १९४८ च्या बीबीसीवरच्या वादात तत्त्वज्ञ रसेलने नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला एक आई असावी लागत नाही. कड्यांना आधार लागतो, सगळ्या विश्वाला लागतो कशावरून?

चाकवाला:
आणि माती? ती वडिलांनी कधीच केली नाही.

नैयायिक:
हे मात्र खरं. न्यायमतात परमाणू नित्य आहेत, ईश्वर ते फक्त जुळवतो. माती त्याने केली असं आम्ही म्हणतच नाही. काल लिहिणाऱ्याने ते वाढवून सांगितलं, एवढं मान्य. लाघवाबद्दल मात्र माघार नाही.

प्रसाद:
मग परमाणू आत्ता कशावर टिकून आहेत? तुळईचा प्रश्न उरलाच.