प्रोग्रॅमिंगला कोणत्या विषयाची जोड द्यावी?

प्रश्न (निफाड) :
मी नाशिकमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षे काम करत आहे. साध्या कोडिंगचा बराचसा भाग आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागल्यामुळे आमच्या विभागातील नवी भरती थांबली आहे. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे. अशा वेळी डेटा सायन्सचा आणखी एक अभ्यासक्रम करावा, की शेतीशास्त्र रीतसर शिकून त्याला प्रोग्रॅमिंगची जोड द्यावी?

उत्तर (दिंडोरी) :
मी द्राक्षबागांना सल्ला देतो, म्हणून अनुभवाचे सांगतो. पान किती तास ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते, यावरून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका ठरतो. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, एका बागेत पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर बांधावरच्या खांबाला बसवला होता. वाऱ्यामुळे तो सकाळी आठलाच कोरडा दाखवत असे. मी मांडवाखाली शिरून पानांवरून बोट फिरवले, तेव्हा दहा वाजून गेले तरी दव हाताला लागत होते. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती, पण इशारा आला नाही, फवारणी राहिली आणि फुलोऱ्यातले घड गेले. सेन्सर मांडवात, पानांच्या गर्दीत हवा, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही. शेतीशास्त्रच शिका. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात शेतीचे अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी नोकरी मात्र सोडू नका.

उत्तर (सातपूर) :
वरील मताशी मी सहमत आहे, तरी एक भर घालतो. केवळ रोगाच्या अंदाजावर थांबू नये. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत औषधांचा उर्वरित अंश तपासला जातो, त्यामुळे कोणते औषध कधी मारले आणि काढणीपर्यंत किती दिवस जायला हवेत, याचा हिशेब चोख लागतो. अनेक बागांत तो अजून वहीतच असतो. मी स्वतः कारखान्यात देखभाल विभागात आहे. यंत्राच्या स्पिंडलच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, कंपनांचे आलेख काढणारी मुले मिळतात, पण त्यावरून कोणते बेअरिंग जाणार हे सांगणारा क्वचितच भेटतो, आणि अशा माणसाला आम्ही सहसा सोडत नाही.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. वडिलांची फवारणीची वही कालच मागून घेतली. सात हंगामांच्या नोंदी आहेत, औषधांची नावे त्यांच्या स्वतःच्या खुणांनी लिहिलेली. त्या खुणा त्यांच्याजवळ बसून उलगडून घेत आहे. येत्या ऑक्टोबर छाटणीला दोन सेन्सर लावणार आहे, एक बांधावर आणि एक मांडवात.