दोन इंच खोल लावा आणि निर्दयपणे छाटा
ब्लॅककरंट म्हणजे आंबट, काळ्या छोट्या फळांचं झुडूप. त्याची बेन लोमंड ही जात लहान बागेत नको असं म्हणतात, ते पटलं. ते बरंच पसरतं. पण म्हणून ब्लॅककरंटच नको? बेन सारेक लावा की! जेमतेम कमरेपर्यंत येतं. (बेन म्हणजे गेलिकमध्ये डोंगर, या जाती स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ तयार झाल्या.) नुसती फळं तोंडात टाकायची असतील तर बिग बेन, ते गोडसर असतं.

रोप कुंडीत होतं त्यापेक्षा दोन इंच खोल लावा, म्हणजे बुडातून नवे फुटवे येतात. मग सगळ्या फांद्या जमिनीलगत दोन डोळे ठेवून छाटायच्या. माझा पहिल्या वर्षी हात धजेना, आणि झुडूप किडमिडीतच राहिलं. पुढे दर हिवाळ्यात एक तृतीयांश जुनं, काळपट लाकूड बुडातून काढते. फळ मुख्यतः गेल्या वर्षीच्या फांदीवर धरतं.

फेब्रुवारीत काही डोळे वाटाण्यासारखे टम्म फुगलेले दिसले तर ती कोळीकीड (डोळ्यात राहणारी अगदी बारीक कीड). लगेच खुडून टाका, ती विषाणू पसरवते. बेन होप ही जात तिला बऱ्यापैकी दाद देत नाही.

आणि हो, पुण्याच्या दुकानात ब्लॅककरंट म्हणून मिळतात त्या बहुधा काळ्या मनुकाच. त्यांचा याच्याशी संबंध नाही.