"तेव्हाच का नाही बोलली?" याला मुद्देसूद उत्तर काय द्यायचं?

अबोली_२१:
कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीसाठी (लैंगिक छळाच्या तक्रारी हीच पाहते) तासाभराचं सत्र आखतेय. बलात्काराची बातमी आली की तीन प्रश्न ठरलेले: ओरडली का नाही, तक्रारीला चार दिवस का लागले, त्याच्याबरोबर गेलीच कशाला? "असं बोलू नये" म्हटल्याने कोणी ऐकत नाही. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात या प्रश्नांचं पुढे काय होतं ते हवंय.

खडीसाखर:
"ओरडली का नाही"चा इतिहास आपल्या विदर्भातला आहे. १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे. तक्रारदार आदिवासी मुलगी, आरोपी दोन पोलीस. सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे संमती असणार. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि "संमती नव्हती" असं तिने कोर्टात सांगितलं, की कोर्ट तसंच गृहीत धरतं. २०१३ पासून तर प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरतच नाही (आता भारतीय न्याय संहिता, कलम ६३). भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही, हेही सत्रात सांगा.

"गेलीच कशाला"वर: संमती त्या विशिष्ट कृतीला लागते, कॉफीला दिलेली पुढे चालत नाही. तिचं चारित्र्य काढून साक्ष खोडायची मुभा २००३ मध्येच गेली. आणि २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींत ९५ टक्क्यांहून जास्त बलात्कारांत आरोपी ओळखीचाच होता. अनोळखी माणूस आणि अंधारी गल्ली हे चित्र मुळातच चुकीचं आहे.

तुळसमंजिरी:
चार दिवसांचा हिशेब दवाखान्यातून पाहा. "लोक काय म्हणतील" म्हणून घरचे आधी तिला आंघोळ घालतात, कपडे धुतात, मग दोन दिवस खल करतात. योनीमार्गातले नमुने साधारण ९६ तासांपर्यंतच घेतात. मग पुरावा मिळत नाही, आणि वकील विचारतो, पुरावा कुठाय?

कपडे धुवू नयेत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहून बुरशी धरते. आंघोळ झाली असली तरी जावंच. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत आहेत. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण सज्ञान बाईवर तक्रार देण्याची सक्ती नाही. तिचा नकार लेखी नोंदवतात. अठराखालच्या मुलीबाबत मात्र कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे. "दोन बोटांची चाचणी" (योनीत बोटं घालून तिला संबंधांची सवय आहे का ते पाहणं) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ ला स्पष्ट केलंय.

काळी_शाई:
वरच्या दोघींना +१. ठाण्यातली एक चूक फार महागात पडते. जबाब लिहिणारा आपल्या साच्यातली वाक्यं घालतो: "मी मोठमोठ्याने ओरडले, विरोध केला." पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर ती खरं सांगते, "मला हलताही आलं नाही." उलटतपासणीत वकील हीच विसंगती धरतो. ओरडणारी बाईच खरी, या समजुतीने जबाब असा बिघडतो. म्हणून सहीआधी जबाब शब्दशः वाचून घ्यायचा. न बोललेलं वाक्य दिसलं तर खोडायला लावायचं.

जबाब महिला अधिकारीच घेते. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) नोंदवता येतो आणि प्रत फुकट मिळते. नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. नोंद न घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे.

अबोली_२१:
आभार! व्हॉट्सॲपवर नाव फिरवणाऱ्यांचं काय?

काळी_शाई:
न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. नुसतं नावच नाही, "अमक्या गल्लीतल्या अमक्या सरांची मुलगी" असं छापलं, फिरवलं तरी ओळख उघड होतेच.

खडीसाखर:
आणि समितीतल्या मंडळींनाही याच सत्रात बसवा. तक्रारदार आणि आरोपी दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवणं, "करिअरचा विचार कर" म्हणणं, हे तिथेच घडतं. लैंगिक छळाच्या तक्रारीत समेटाचा विषय समितीने काढायचाच नसतो. तिने स्वतः मागितला तरच, आणि तोही पैशांवर नाही. तक्रारीला मुदत तीन महिने, लेखी कारण देऊन आणखी तीन वाढवता येते. बलात्कार असेल तर समेट नाहीच. तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करायची.