मदत हवी आहे: 'एक होता विदूषक' १९९२ साली थिएटरात पाहिलेलं कुणी आहे का?

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या गंभीर भूमिकेवर लेख लिहितेय आणि एका ठिकाणी अडलेय. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पु. ल. देशपांड्यांचं लेखन, महानोरांची गाणी, शिवाय सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. एवढं असूनही प्रेक्षकांनी बेर्डेंनी साकारलेला हा आबुराव म्हणावा तसा स्वीकारला नाही, असं घरातली मोठी माणसं सांगतात. 'धूमधडाका' आणि 'अशी ही बनवाबनवी'मुळे लक्ष्या पडद्यावर आला की हसायचं, ही सवयच लागली होती. मला तर त्यांचं हे काम फार मोठं वाटतं. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा स्टार होतो, आणि बेर्डे हसवता हसवता मध्येच थांबतात तेव्हा पोटात तुटतं.

तेव्हा थिएटरात नक्की काय घडत होतं? गंभीर प्रसंगांतही लोक हसत होते का? की शांत होऊन बघत होते? मध्येच उठून गेलेलं कुणी आठवतं का? तेव्हाची परीक्षणं कुणाकडे कात्रणांत असतील तर फोटो पाठवाल का? अगदी एका प्रसंगाची आठवण असली तरी चालेल, फक्त गावाचं नाव तेवढं लिहा.