बूट-चपला दुकानात पायात घालून बघता का? तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठ
मागच्या दिवाळीत आईसाठी घरबसल्या सँडल मागवल्या. तिचं वय 68, मधुमेह पंधरा वर्षांचा. जुन्या चपलेवर 6 नंबर होता, तोच मागवला. "छान बसल्यात गं," म्हणाली. चौथ्या दिवशी सकाळी फरशीवर तांबूस ठसे दिसले, हॉलपासून देवघरापर्यंत. करंगळीच्या बाजूची कातडी सोलवटली होती आणि आईला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवत विचारलं, "आजी, कळतंय का?" चार ठिकाणी ती गप्प राहिली. जखम भरायला दीड महिना लागला.

नंतर तिला दुकानात नेलं. त्यांनी उभं करून दोन्ही पायांची मापं घेतली. डावा 6, उजवा जवळजवळ 7 आणि चवडा चांगलाच रुंद. इतकी वर्षं आम्ही एक आकडा धरून बसलो होतो आणि तिचे पाय कुणी बघितलेच नव्हते. हे मला फार लागलंय, म्हणून धागा काढला. तुम्ही कसे घेता, कुठे चुकलं, दुकानात कुणी काय शिकवलं, सगळं लिहा.

पहाटपळ
ठाण्यात राहतो, मुंबई मॅरेथॉनसाठी तयारी करतो. पहिल्या वर्षी ऑफिसच्या बुटांचा नंबर टाकून रनिंगचे बूट मागवले. लांब पल्ल्याच्या सरावात दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, एक तर गळूनच गेलं. मग ओळखीच्या एका धावपटूने खास पळण्याच्या बुटांच्या दुकानात पाठवलं, तेही संध्याकाळी. दिवसभरात पाय सुजतात आणि पळताना आणखी फुगतात, म्हणून मोजायचे तर संध्याकाळीच. तिथल्या मुलाने बुटातला आतला तळवा काढून जमिनीवर ठेवला आणि मला त्यावर उभं केलं. माझा चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता! 8 चा 9 झाला. एका नंबराचा फरक म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर, पण नखं वाचली ती त्यातच.

स्टुलावरचा माणूस
सातारा जिल्ह्यात बुटांच्या दुकानात 22 वर्षं काम करतोय. गोदाकाठ ताई, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं.

आमच्याकडे खरी गर्दी जूनची, शाळेच्या बुटांची. आई-वडील म्हणतात, वाढत्या पायाचं आहे, दोन नंबर मोठाच द्या. समजतं मला, दरवर्षी नवे घेणं सगळ्यांना जमत नाही. पण सैल बुटात पोर बोटं आवळून चालतं, टाच वर-खाली होते आणि फोड येतात. पायाच्या अंगठ्यापुढे आपल्या हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा भरपूर झाली.

आणि एक गोष्ट सगळ्या पालकांनी करून बघा. बुटावरून दाबलं की लहान मूल बोटं आत ओढून घेतं. आपल्याला वाटतं जागा आहे, प्रत्यक्षात नसते. म्हणून मी आधी पोराला उभं करतो, एक हात पोटरीवर ठेवतो आणि त्याच्याशी बोलतो, कितवीत गेलास, बाई कोण आहेत. ते बोलण्यात रमलं की बोटं सैल सुटतात, तेव्हा पुढून चाचपतो. मग दारापर्यंत पळायला लावतो. पळताना टाच सुटली की बूट परत खोक्यात. पोराच्या तोंडाकडे बघायचं, "बसतोय ना?" असं विचारायचं नाही. नव्या बुटाच्या आनंदात ते हो म्हणणारच.

सावळी_सई
माझा अनुभव थोडा उलटा आहे. मला 9 नंबर लागतो. आमच्या तालुक्याच्या गावात बायकांच्या चपला 8 ला संपतात. लग्नाच्या खरेदीत दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला, "जेंट्समध्ये बघा." त्या दिवशी पाय साडीखाली लपवत घरी आले. ऑनलाइनमुळेच मला पहिल्यांदा आवडीची चप्पल मिळाली. मी कागदावर उभी राहून पाय आखते, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजते आणि तक्त्याशी ताडते. तरी रुंदीला मार खाते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखावर लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे. ती बाजारात रुजावी असं मला मनापासून वाटतं. दुकानात घालून बघा म्हणणं बरोबरच, पण दुकानात माप असायला तर हवं.

रंकाळा
कोल्हापुरीबद्दल दोन शब्द. ती सुरुवातीला घट्टच घ्यावी, कातडं पायाप्रमाणे सैलावतं. पण कुठे घट्ट, ते पायात घातल्याशिवाय कळत नाही. पट्ट्यावर घट्ट चालेल, अंगठ्यात चावत असेल तर नको.

दूरदेशी
अमेरिकेत न्यू जर्सीत असते. इथे बऱ्याच जुन्या दुकानांत ब्रॅनॉक नावाचं धातूचं मापयंत्र दिसतं. सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने ते 1920 च्या दशकात बनवलं. त्यात लांबी आणि रुंदी तर मोजतातच, शिवाय टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंतचं अंतरही. माझी बोटं आखूड आणि कमान लांब निघाली. बूट जिथे वाकायचा तिथे माझा पाय वाकतच नव्हता. पुण्यात असल्यापासून तळवा दुखायचा तो यामुळेच असणार, असं आता वाटतं. त्या मापाने घेतलेल्या बुटांत दुखणं बरंच कमी झालंय.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. सई, तुझं वाचून खरंच वाईट वाटलं. स्टुलावरचे दादा, एक विचारू? आईला कळतच नाही, तर घट्ट आहे की नाही हे कसं ओळखायचं?

स्टुलावरचा माणूस
ताई, मोठ्या पायाच्या मापाने घ्या आणि लहान पायात जादा पातळ तळवा टाका. पुढून रुंद, पट्टे मऊ, आत शिवण टोचणारी नको, सैल-घट्ट करता येईल असा बंद हवा. डॉक्टरांनी एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल सांगितली असेल तर तीच. पहिल्या दिवशी घरातच दहा-पंधरा मिनिटं चालवा, काढा आणि उजेडात दोन्ही पाय बघा. लाल वळ उठून तो लवकर गेला नाही तर ती जोडी परत करा. रोज घालण्याआधी आत हात फिरवा, खडा-बिडा असतो. आईंना कळत नाही, ते आपल्या हाताने बघायचं.

गोदाकाठ
आजपासून रात्री तिचे पाय मी पुसते. शनिवारी संध्याकाळी परत दुकानात नेते आणि काय झालं ते इथे लिहिते.