रोज तेच कार्ड येतंय, फोर ऑफ पेंटॅकल्स. एफडी मोडू की नको?

मागवाली_सोलापूर:
नमस्कार, लिहू की नको करत महिना गेला, आज लिहितेच. मी जुळे सोलापूरला राहते, मिस्टरांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे, आठ माग, त्यातले सध्या पाचच चालतात. भाचीने दोन वर्षांपूर्वी टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांचा संच, दिला होता, तेव्हापासून सकाळी चहा ठेवला की एक पान काढते, सवयच लागलीय. आता गेल्या महिन्यात नऊ वेळा एकच कार्ड आलंय, मी कालनिर्णयवर पेनाने खूण करते म्हणून आकडा पक्का आहे. फोर ऑफ पेंटॅकल्स, तो नाणी धरून बसलेला माणूस.

प्रश्न असा की मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला ऍडमिशन मिळेल असे मार्क आहेत. माझी एक एफडी आहे, सोळा वर्षं ब्लाउज शिवून साठवलेली, मिस्टरांना पण पूर्ण आकडा माहीत नाही. ती मोडायचा विचार आला की पोटात गोळा येतो. एका व्हिडिओत सांगतात हे कार्ड म्हणजे पैसा धरून ठेवा, दुसऱ्यात सांगतात तुम्ही चिक्कू झालाय. रात्री तीनला जाग येते आणि छातीत धडधडतं, मग सकाळपर्यंत हिशोबच चालू.

हे पण सांगते, मी चौथीत होते तेव्हा अप्पांची गिरणी बंद पडली. भोंगा वाजायचा बंद झाला तरी अप्पा रोज त्याच वेळेला डबा घेऊन बाहेर पडायचे, संध्याकाळी यायचे. कुठं जायचे ते घरात कुणी विचारलं नाही. ते दिवस माझ्या लेकीच्या वाट्याला नको एवढंच वाटतं. कार्ड काय सांगतंय मला?

पान_वाचते:
ताई, मी बारा वर्षं टॅरो शिकतेय, पैसे घेत नाही. आधी व्हिडिओ बंद करा आणि ते पान हातात घेऊन नीट बघा. एक नाणं मुकुटावर, एक छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलेलं, दोन पायांखाली दाबलेली. म्हणजे उठला तर पायाखालची सुटणार, हात सोडला तर छातीवरचं पडणार, मान हलवली तर डोक्यावरचं घसरणार, त्यामुळं त्याला हलताच येत नाही. पाठीमागं अख्खं शहर आहे, घरं, बुरूज, आणि याची पाठ तिकडं. आणि मुख्य म्हणजे चित्रात चोर कुठंच नाही हो, दुसरं माणूसच नाही. एवढं घट्ट कुणापासून धरलंय?

हे चित्र पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलंय, १९०९ साली लंडनला हा डेक निघाला, कल्पना आर्थर वेट यांची. त्याआधीच्या बहुतेक जुन्या डेकमध्ये या पानावर नुसती चार नाणी असायची, माणूस नसायचा. टॅरो मुळात पंधराव्या शतकात इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आला, भविष्य बघायला वापर वाढला तो अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. तेव्हा हे पान म्हणजे वरून आलेला हुकूम आहे असं धरू नका.

पण एक गोष्ट वाचून मला तुमचे अप्पा आठवले. वेटने या पानाचे जे अर्थ दिलेत त्यात आहे त्याची शाश्वती, आहे ते धरून ठेवणं हे तर आहेच, शिवाय वारसा पण आहे. लोक वारसा म्हटलं की जमीनजुमला, सोनं बघतात. मला तुमच्या बाबतीत तो डबा दिसला. मी तुमच्या जागी असते तर मोडू की नको हे पानाला विचारलंच नसतं, ही भीती माझी स्वतःची किती आणि मिळालेली किती एवढंच विचारलं असतं.

निवृत्त_रोखपाल:
मला टॅरोतलं काही कळत नाही, बँकेत ३४ वर्षं काढली तेवढंच सांगतो. ताई, तीन गोष्टी बघा. मुलीची ऍडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून होणार असेल आणि तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केलीय. मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे कदाचित तुम्हाला होस्टेल-मेसचाच खर्च बघावा लागेल, कॉलेजचे बाकीचे चार्जेस काय ते विचारून घ्या. दुसरं, एफडी मोडायलाच पाहिजे असं नाही, बहुतेक बँका एफडीवर कर्ज देतात, पावती तारण राहते, व्याज एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं. आणि बँक बुडेल अशी धास्ती असेल तर फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा आहे, त्याच्या वर रक्कम असेल तर दोन बँकांत ठेवा. काउंटरवर मी कितीतरी बायका बघितल्या, पावती पदराखाली धरून यायच्या आणि काय विचारायचं तेच विचारायला घाबरायच्या. विचारा हो, तुमचाच पैसा आहे.

आणि एक, पानं नीट पिसता का? ७८ पानांत एक पान महिन्याला नऊदा म्हणजे लईच झालं. रोज एक काढलं तर महिन्यात एकदा आलं तरी पुष्कळ. कोपरा दुमडलेलं पत्त्याचं पान सारखं हाताला लागतंच.

होटगीरोडची:
ताई मी तुमच्यासारखीच रात्री तीनची माणूस होते. मला तेव्हा नाईन ऑफ स्वोर्ड्स आलं, बिछान्यात उठून तोंड झाकून बसलेली बाई, आणि ऑनलाइन एकीने सांगितलं घरावर मोठं संकट आहे, उपाय करावा लागेल. ११ हजार दिले मी, नवऱ्याला न सांगता. मग दुसरा उपाय, मग तिसरा. भीती वाढवल्याशिवाय त्यांचा धंदा चालत नाही, तुम्हाला कुणी असं म्हणालं तर तिथंच ब्लॉक करा, कळकळीने सांगते.

नंतर ते पान मी शांतपणे बघितलं तर नऊच्या नऊ तलवारी मागच्या काळोखात आडव्या आहेत, तिच्या अंगात एकही घुसलेली नाही. आणि मांडीवर वाकळ आहे, चौकोन जोडून शिवलेली, त्यात गुलाब. आमच्या आजीच्या वाकळेसारखी. मी बराच वेळ ती वाकळच बघत बसले होते. पण झोप काय पानाने आली नाही, डॉक्टरकडे गेल्यावर आली. तीनची धडधड रोजची असेल तर एकदा दाखवाच, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

मागवाली_सोलापूर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, सकाळपासून तीनदा वाचलं. काका, तुमचं खरं निघालं, त्या पानाचा कोपरा चहा सांडून फुगलाय आणि वळलाय, पिसताना बोट तिथंच अडकतं. वाटलं होतं कळल्यावर हलकं वाटेल, पण उलट रडूच आलं, कारण पान कसं येतंय ते कळलं तरी भीती आहे तिथंच होती.

मग दुपारी माहेरी गेले. अप्पा आता ७६ चे आहेत, शेंगा सोलत बसले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, अप्पा तुम्ही डबा घेऊन कुठं जायचात? हातातलं काम न थांबवता म्हणाले, कंबर तलावावर. तिथं बसून खायचो. घरी खाल्ला असता तर तुम्हा पोरांना कळलं असतं की.

मी काही बोलले नाही, त्यांच्याबरोबर शेंगा सोलल्या. रात्री मिस्टरांसमोर पावती ठेवली.

आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्न पण ८ च्या आत आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला उद्या जातेय, सोबत काय काय कागद लागतात ते कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज, आणि दाखला हातात यायला साधारण किती दिवस जातात?